हुरड्याच्या दिवसांतली जर्मनी

पौष उतरणीला लागला की आमच्या नगर-शेवगाव रस्त्याच्या कडेला हुरड्याच्या पाट्या उभ्या राहतात. हल्ली त्यांच्यावर 'अनलिमिटेड' असं लिहिलेलं असतं. झोके असतात, बैलगाडीत बसून फोटो काढायची सोय असते. गाडी तिसगावच्या अलीकडे आली की मी मुलाला काचा वर करायला सांगते. त्याला वाटतं, आईला धूर सोसत नाही. मी तसं वाटू देते. गोवऱ्यांचा धूर आणि भाजत्या कणसाचा गोडसर वास एकदम नाकात गेला की मला अजून राग येतो, आणि या वयात रागाचा उपयोग एवढाच की डॉक्टर रक्तदाबाची गोळी वाढवून देतात.

यंदा त्यात भर पडली आहे. मुलगा आणि सूनबाई फेब्रुवारीच्या अखेरीला युरोपात जायचं म्हणताहेत. त्या दिवसांत तिकडे थंडी असते म्हणून गर्दी कमी. रोज संध्याकाळी दोघं एकाच फोनमध्ये डोकी घालून बसतात. कुठे बर्फ लागेल, कुठे नुसता पाऊस, बूट इथून न्यायचे की तिथे घ्यायचे. परवा सूनबाईनं विचारलं, "आई, जर्मनी धरायची का? नाहीतर नुसतं स्वित्झर्लंड करू."

"धरा की," मी म्हटलं. "जर्मनीनं काय घोडं मारलंय?"

आणि स्वयंपाकघरात जाऊन निवडलेलीच कोथिंबीर पुन्हा निवडत बसले. फेब्रुवारीच्या अखेरीला जर्मनीला जायचा बेत मी एकदा अगदी शेवटापर्यंत आखला होता, हे या घरात कुणाला माहीत नाही. एकाहत्तर साली. माझ्याबरोबर माझी आत्या येणार होती, आणि आत्याबरोबर तिचं जातं.

हो, जातंच. दळायचं, दगडाचं.

मी चार वर्षांची असताना आई गेली. त्याच सुमाराला वडिलांची थोरली बहीण, गयाआत्या, नवरा वारल्यामुळे तिसगावला माहेरी परतली होती. तिनं मला वाढवलं. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. त्यांना शेत आणि गावकी सोडून तिसरं काही दिसत नसे, पण त्यांनी मला नगरच्या कॉलेजात घातलं, वसतिगृहात ठेवलं. आमच्या भावकीत तोवर मुलगी सातवीच्या पुढे गेलेली नव्हती, तेव्हा तात्यांना वाईट म्हणून मोकळं होणं मला कधी जमलं नाही. जमलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. तरी आत्या पहाटे उठून शेर-दोन शेर हातानं दळायचीच. "त्याबिगर माजं डोस्कं मोकळं व्हत न्हाई," म्हणायची. जातं सुरू झालं की ओव्या सुरू व्हायच्या. निम्म्याहून जास्त ओव्या भावाच्या. भावाची बैलजोडी, भावाचा फेटा, भाऊ वाटेनं येताना दिसला तर काय वाटतं ते. तात्या अंगणात दात घासत उभे असायचे आणि आपल्याबद्दल हे चाललंय असं चुकूनही चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाहीत. मी अंथरुणात डोळे मिटून पडलेली असे. जमिनीला कान लागलेला असला की जात्याची घरघर आधी हाडात शिरते आणि आवाज मागून येतो.

आमच्या कॉलेजात एक जर्मन बाई आल्या होत्या. हेल्गाबाई. उंच, लालबुंद, पायात पुरुषी चपला. पुण्यात राहून मराठी शिकलेल्या, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलत. दळताना बायका काय गातात याचा त्या अभ्यास करत होत्या. सरांनी वर्गात विचारलं, कुणाच्या घरी अशा ओव्या म्हणणारं कुणी आहे का? मी हात वर केला. हात वर करताना मला आत्या आठवली, की हेल्गाबाईंबरोबर जीपमध्ये बसायला मिळेल हे आठवलं, याचा हिशेब मी पुढे पुष्कळ वेळा करून पाहिला.

दिवाळीच्या सुट्टीत त्या तिसगावला आल्या. मोठ्या चाकांचा टेपरेकॉर्डर घेऊन आत्यासमोर मांडी ठोकून बसल्या. "आत्याबाई, आपण कृपया गायनास आरंभ करावा," म्हणाल्या. आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हनती ही?"

"गा म्हणतात."

"अशी बसून? हातात काय न्हाई, आन् गा? येडी का खुळी?"

आणि खरोखरच तिला एक ओवी आठवेना. एक ओळ म्हणायची, दुसरी सापडायची नाही. मग चिडून उठली, सुपात जोंधळे घेतले, जात्यापाशी बसली, खुंट्याला हात घातला आणि दोन तास थांबली नाही. हात फिरायला लागला की शब्द येत होते. हात थांबला की शब्द थांबत. हेल्गाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं पीठ गेलं असेल.

पुढे नोव्हेंबरात कॉलेजवर हेल्गाबाईंचं पत्र आलं. त्यांच्या गावी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक मेळावा होता. देशोदेशीच्या बायका काम करता करता गातात ती गाणी, त्या त्या कामासकट. गाणारी एक आणि तिच्या सोबतीला बोलणं समजावून देणारी एक, दोघींचा जाण्यायेण्याचा, राहण्याखाण्याचा भार त्यांच्यावर. आत्या गेली तरच मी जाणार होते. मी वसतिगृहाच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहून ते पत्र सतरा वेळा वाचलं असेल.

तिसगावात आम्ही तो बेत जसा आखला तसा जगात कुणी आखला नसेल. आत्या नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो, "तिकडं जातं आसल का?"

"नसेल."

"मग न्यावं लागंल."

घरचं जातं उचलायला दोन माणसं लागायची. विमानात ते कोण घेणार? म्हणून बाजाराच्या दिवशी एक वडारी गाठून लहान जातं घडवून घेतलं, मला एकटीला कडेवर नेता येईल एवढं. त्याला टाकी लावून दगड खरबरीत करून आणला, आत्या दळायला बसली आणि दोन ओळींतच तिला धाप लागली. हलकं जातं भराभरा फिरत होतं. घरच्या जड जात्याच्या एका फेऱ्यात एक ओळ बसायची. इथे हात दोन फेरे करून मोकळा व्हायचा आणि ओळ मागे राहायची. "ह्ये जातं नव्हं, भवरा हाय," म्हणत तिनं खुंटा सोडून दिला. मी रडकुंडीला आले. मग तिनंच दोन दिवसांनी तोड काढली. जोंधळ्याऐवजी हरभरे घातले. हरभरा दगडाला अडतो, फेरा आपोआप सावकाश होतो. ओवी बरोबर बसली. त्या पहाटे मी अंथरुणातून उठून तिला मिठी मारली, पिठानं माझा परकर पिवळा झाला.

तेव्हा ठरलं. पायलीभर हरभरे न्यायचे. मग पुढचा प्रश्न आला. एवढी माणसं ऐकायला येणार, दळून झालेल्या पिठाचं काय करायचं? नुसतं दळून उठून जायचं, ही गोष्ट आत्याच्या डोक्यात शिरेना. "घरी आलेलं मानूस उपाशी जातंय व्हय?" तिनं पिठलं करायचं ठरवलं. मग कढई आली, लसूण आला, आणि पिठल्यासंगं भाकरी नको का, म्हणून तवा आला. मी हेल्गाबाईंना पत्रात विचारलं, तिकडे चूल मिळेल का? त्यांनी उत्तर पाठवलं की व्यासपीठावर विस्तव पेटवण्याची अनुमती मिळवण्याचा त्या प्रयत्न करत आहेत. व्यासपीठावर! आत्याला ते सांगितलं तर म्हणाली, "बग, जमतंय का न्हाई."

थंडीसाठी आत्यानं दोन गोधड्या शिवायला घेतल्या, नेहमीच्या दुप्पट थराच्या. पासपोर्टच्या चौकशीला पाथर्डीहून हवालदार आला तेव्हा ती अंगणात गोधडीवरच बसली होती. त्यानं कागदावर विचारलं होतं ते विचारलं, "धंदा काय करतात?" तात्या म्हणाले, "लिव्हा, घरकाम." आत्या दोरा दातानं तोडत म्हणाली, "घरकाम कशाला? दळती म्हनून लिव्हा. त्याच्यापायीच तर न्यायलेत मला." हवालदार हसला, तात्याही हसले. कुणाच्याही मनात काही काळंबेरं असेल असं मला त्या हसण्यात दिसलं नाही. मी आजही ते हसणं डोळ्यांपुढे आणून त्यात खोट शोधत असते.

त्या दिवसांत आत्यानं विमानावर एक ओवी रचली होती. विमानाला ती इमान म्हणायची.

सोन्याच्या इमानात, जातं बसलं दगडाचं
भाचीबाईच्या मांडीवर, सूप भरलं हरभऱ्याचं

रचायला तिला फार वेळ लागला नाही. मला मात्र ती ऐकवत नसे, कारण मी तिच्याशी खोटं वागत होते.

ते आता सांगते. हेल्गाबाईंनी मला वसतिगृहाच्या पत्त्यावर एक वेगळं पत्र लिहिलं होतं. त्यांच्या गावात एक म्हाताऱ्या शिक्षिका एकट्या राहत होत्या. त्यांना सोबत हवी होती. मला खोली मिळेल, भाषा शिकता येईल, पुढच्या वर्षी तिथल्या विद्यापीठात नाव घालता येईल. मी त्याच दिवशी होकार कळवला. आत्याला परतीच्या विमानात बसवून द्यायची, त्याच विमानानं मुंबईला येणारे हेल्गाबाईंच्या ओळखीचे कुणी होते त्यांच्या स्वाधीन करायची, मुंबईत तात्या उतरवून घेतील. ज्या बाईला नगरच्या एसटी स्टँडवर गाडीची पाटी वाचता येत नव्हती, तिला मी ढगांवरून एकटी धाडणार होते. सगळं मी पाटीवर गणित मांडावं तसं मांडलं होतं. मला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा जाण्याची भूक मोठी होती, आणि वीस वर्षांची पोर भुकेपुढे कुणाचं बघते?

कारण इकडे दुसरंही एक शिजत होतं. शेवगावचं स्थळ. मुलगा बियाण्यांच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली बसायचा, माणसं चांगली होती. ते लोक थांबायला तयार होते, फक्त शिमग्यापर्यंत. तात्यांनी मला तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "तू जाऊन ये आधी. मग बगू." एवढ्यावर मी विश्वास ठेवला. तात्यांवर नव्हे, आत्यावर. तात्यांनी उद्या अडवलंच तर ती आडवी पडेल, माझ्यासाठी ती आजवर पडत आली होती. शाळेसाठी, कॉलेजसाठी, केसांचा शेपटा कापून आले तेव्हा तर तीन दिवस ती तात्यांच्या आणि माझ्यामध्ये भिंतीसारखी बसली होती.

संक्रांत झाली. हुरडा ऐन भरात आला. हेल्गाबाईंचं पत्र आलं की मेळावा भरवणारे एक गृहस्थ मुंबईला आलेत, त्यांना घेऊन त्या तिसगावला येतील. त्यांनी एकदा आत्याबाईंना पाहिलं, जातं पाहिलं, की तिकिटं निघतील. म्हणजे ही शेवटची पायरी होती.

जीप आली तेव्हा गावातली पोरं धावत सुटली. निवडणुकीचे दिवस होते, त्यांना बिल्ले हवे होते. गोऱ्या गृहस्थांनी हात हलवले तसा पोरांनी आणखी गलका केला. आत्यानं त्या दिवशी निळं लुगडं नेसलं होतं. मीच तिचा पदर नीट केला. लहान जातं ओसरीवर मांडलं, बाजूला सूप, सुपात हरभरे. तात्या खांबाला टेकून उभे राहिले. हेल्गाबाईंनी टेपरेकॉर्डरची चाकं लावली आणि म्हणाल्या, "आत्याबाई, आरंभ करावा."

आत्यानं घास घातला, खुंटा धरला. जातं फिरायला लागलं. मी पहिल्या ओळीची वाट बघत होते.

ओळ आली नाही. जातं फिरत राहिलं. कडेनं पिवळं पीठ पडत राहिलं. आत्या खाली बघत होती, हात अगदी रोजच्या लयीत चालला होता, ओवीच्या जागी ओवीएवढा वेळ जात होता आणि तोंड बंद. मला वाटलं लाजली. मी हळूच पहिली ओळ सांगितली. तिनं मान हलवली.

"इसरले."

"आत्या, सकाळी म्हटलीस ना ही?"

"न्हाई याद येत. वय झालं आता."

पंचेचाळिशीची होती ती. त्या पहाटे, याच जात्यावर, माझ्या कानाशी तिनं चाळीसएक ओव्या म्हटल्या होत्या. विमानाचीही म्हटली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. ती सुपातून दुसरा घास घेत होती. तिचे कान तापून लाल झाले होते, आणि मला तेवढ्यावरून कळलं की ती खोटं बोलते आहे. का बोलते आहे ते मात्र कळेना.

हेल्गाबाईंनी खूप धीर धरला. पाणी दिलं, थांबू म्हणाल्या. शेवटी त्यांनी दिवाळीतली चाकं काढून लावली. म्हणाल्या, आपलाच आवाज ऐकून आठवेल. यंत्रातून घरघर आली आणि तिच्यावर आत्याचा आवाज, मोकळा, खणखणीत. दारात जमलेल्या बाया गप्प झाल्या. आत्यानं हात थांबवला. पूर्ण ऐकलं. ते संपल्यावर म्हणाली,

"कोन हाय ही बाई? लई ग्वाड गाती."

बाया हसल्या. मी हसले नाही. माणूस स्वतःच्या आवाजाला तोंडावर ओळख देत नाही, हे मी त्या आधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. त्या गोऱ्या गृहस्थांनी हेल्गाबाईंना हळूच काहीतरी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. मला म्हणाल्या, "मला अत्यंत खेद होतो, शकुंतला." अत्यंत खेद! जीप धुरळा उडवत गेली आणि पोरं तिच्यामागे बिल्ले मागत पळाली.

मी आत्याशी बोलले नाही. तात्यांना शेतात गाठलं. ते दुसऱ्या दिवशीच्या हुरड्यासाठी आगटी खणून घेत होते. शेवगावची माणसं यायची होती.

"तुम्ही तिला काय सांगितलं?"

तात्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. तेवढं एक त्यांचं बरं. "मी काय सांगनार? मी तिला म्हनलं, आक्का, पोर तिकडं गेली तर ह्ये सोयरे बसत न्हाईत. तूच बग काय करायचं ते. ती म्हनली, मी बगते."

"मला का नाही सांगितलं? तोंडावर नाही म्हणायचं होतं."

"तू ऐकली असतीस?"

नसते ऐकले. पण भांडले असते. भांडून हरले असते तर ती हार तरी माझी असती. त्या दोघांनी मला भांडायची संधीच दिली नाही. महिनाभर हवालदारापुढे हसले, गोधड्यांना टाके घातले, जात्याला टाकी लावायचे पैसे दिले, आणि मला आत्या म्हातारी झाल्याचं नाटक बघायला समोर बसवलं. तात्यांचं मी समजू शकते. पण जिच्या भरवशावर मी तात्यांशी आयुष्यभर झगडले तिनं माझा गळा कापावा? तोही न बोलता, दळण दळत?

दुसऱ्या दिवशी मी शेवगावच्या लोकांना हुरडा चोळून दिला. हात भाजत होते. सासूबाई होऊ घातलेल्या बाई म्हणाल्या, "पोरगी कामसू हाय." आत्यानं दह्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी ती उचलली नाही. ती तिथेच, धुराच्या तोंडाशी, राख पडून काळी होईपर्यंत राहिली.

महाशिवरात्रीच्या सुमाराला पोस्टमन दोन पासपोर्ट घेऊन आला. एक माझा, एक आत्याचा. तिच्या फोटोत पदर कानामागे घेतलेला होता, फोटोग्राफरनं कान दिसले पाहिजेत म्हणून घ्यायला लावला होता. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि देवळीत ठेवला. माझा मी ट्रंकेत टाकला. शिमग्यानंतर हेल्गाबाईंचं चित्राचं कार्ड आलं. पारनेरकडच्या एक बाई आपल्या सुनेला घेऊन गेल्या होत्या, मेळावा छान झाला, बर्फ पडत होता. त्या सुनेचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. मी ओळखत नसलेल्या त्या मुलीचा मी किती वर्षं हेवा केला ते सांगून खरं वाटणार नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. हळदीच्या आधी बायका घाणा भरायला जात्यावर बसल्या. आत्यानं खुंटा धरला आणि तिला सगळं आठवलं. एकेक ओवी, मधली ओळ न चुकता. सासरी निघालेल्या मुलीच्या ओव्या तर अशा म्हटल्या की शेवगावच्या बायकाही पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मी कोरड्या डोळ्यांनी बसून होते. नवरी रडत नाही, ही गोष्ट पुढे सासरी बरेच दिवस चघळली गेली.

माझा संसार वाईट झाला नाही, हे इथे लिहिलं पाहिजे, नाहीतर दुकानाच्या गल्ल्यावर आयुष्यभर इमानानं बसलेल्या एका भल्या माणसावर अन्याय होईल. पुढच्याच वर्षी पाऊस गेला, दुष्काळ पडला, सगळ्यांचंच काहीबाही राहून गेलं, त्यात माझं बी.ए.चं शेवटचं वर्षही राहिलं. पण रात्री कधी झोप उडाली की मी त्या म्हाताऱ्या शिक्षिकेच्या घरातली, मला मिळणार होती ती खोली लावत बसायची. खिडकी कुठे, टेबल कुठे. मुलं मोठी झाली तरी मी ती खोली लावतच होते. एकदा तर तिथल्या पडद्यांचा रंग बदलला.

आत्याशी मी बोलत असे. सणावाराला भेटत असे. लुगडं नेत असे. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. पण एकदाही तिच्या जात्यापाशी बसले नाही आणि तिनंही कधी बस म्हटलं नाही. आमच्यामध्ये जे झालं होतं त्याला तिनं तीस वर्षांत हात लावला नाही.

तात्या गेल्यावर मी तिला शेवगावला माझ्याकडे आणली. कर्तव्य म्हणून आणली, माया म्हणून नव्हे. असं मी स्वतःला बजावलं होतं. तिला दिसायचं कमी झालं होतं. एका दुपारी, असेच हुरड्याचे दिवस, शेतावरून कुणीतरी कणसं आणून टाकली होती. मी गॅसवर चार भाजली, चोळून तिच्या हातावर दिली. दात नव्हते. दाणे तोंडात घोळवत ती म्हणाली,

"तू मला यकटीला माघारी धाडनार हुतीस न्हवं?"

तीस वर्षांनी, कुठलाही धागादोरा नसताना.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला लागतंय? दोन म्हैने तू जायाचंच बोलत हुतीस. ह्ये न्यायचं, त्ये न्यायचं. मानूस गावाला निघालं तर माघारी येताना काय आनायचं, ते आदी बोलतं. तू येकदा बी न्हाई बोललीस. मी म्हनलं, पोर काय येत न्हाई माघारी. तुज्या जागी मी असते, तर मी बी आले नसते."

म्हणजे तात्या नव्हते. शेवगावचं स्थळ नव्हतं. तात्यांनी फक्त निमित्त पुरवलं होतं. मी जाते आहे हे तिला कळलं होतं, कायमची, आणि म्हणून ती जात्यावर तोंड मिटून बसली. मी तिला फसवणार होते आणि तिनं मला आधी फसवलं. मी खाली तिच्यासमोर बसले. पण राग गेला नाही, उलट इतक्या वर्षांचा सगळा एकदम वर आला.

"कळलं होतं ना? मग जाऊ द्यायचं होतंस मला!" मी अक्षरशः ओरडले. "जाऊ द्यायचं होतंस, आत्या!"

तळहातावर उरलेले दाणे तिनं बोटानं एका बाजूला केले.

"व्हय," ती म्हणाली. "द्यायला पायजे हुतं."

मी वाट बघत राहिले. आता सांगेल, की मला कोण होतं, मी विधवा बाई, तू गेल्यावर मी कुणाकडे बघून जगले असते. तिच्या कुठल्याही सबबीला मी तीस वर्षं घासूनपुसून उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं एकही सबब सांगितली नाही.